कारखाना कसा पाहावा : मोटारसायकलीच्या एका टाकीमागून

दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झाले की आपल्या शाळांतून सहलींची बोलणी चालू होतात. एखादा किल्ला, एखादे देवस्थान, एखादे धरण, आणि जवळपास औद्योगिक वसाहत असेल तर एखादा कारखाना, असा क्रम बहुधा ठरून गेलेला असतो. किल्ला कसा दाखवावा हे शिक्षकाला इतिहासाच्या पुस्तकाने शिकविलेले असते. धरणावर गेल्यावर पाणी आणि भिंत ही दोघेच निम्मा पाठ घेतात. कारखान्याचे मात्र तसे नाही. तेथे डोळ्यांपुढे एकाच वेळी शंभर गोष्टी हलत असतात, कान आवाजाने भरून गेलेले असतात, आणि खरे सांगावयाचे तर शिक्षकही विद्यार्थ्यांइतकाच भांबावलेला असतो. मग मुलांची रांग एका दाराने आत जाते, दुसऱ्या दाराने बाहेर येते, बिस्किटाचा पुडा मिळतो आणि दुसऱ्या दिवशी ‘आम्ही पाहिलेला कारखाना’ हा निबंध लिहिला जातो. चाळीस वह्यांत एकच निबंध असतो.

असा निबंध मीही लिहवून घेतलेला आहे. १९९८ साली मी सातवीच्या वर्गाला शिकवीत असताना दुचाकी वाहनांचे भाग जोडणाऱ्या एका कारखान्यात मुलांना घेऊन गेलो होतो. आमच्या वर्गातील एका मुलाचे वडील तेथेच कामाला होते. तो मुलगा आठ दिवस आधीपासून सर्वांना सांगत होता की, आमचे अण्णा तुम्हाला सगळे दाखवतील. प्रत्यक्षात आम्ही आत गेलो तेव्हा अण्णा सरकत्या साखळीजवळ उभे राहून काम करीत होते. मुलाने हाक मारली. त्यांनी मान वर केली नाही. त्याने पुन्हा हाक मारली. तेव्हाही त्यांची नजर हातांतील पान्यावरून हलली नाही. रांग पुढे सरकली. दुसऱ्या दिवशी त्या मुलाने वही कोरी दिली, आणि मी त्याला आळशी म्हणून सर्वांसमोर उभे केले. पुष्कळ वेळाने तो एवढेच म्हणाला, “अण्णांनी माझ्याकडं बघितलंच न्हाई, गुरुजी.”

वडील रागावले असतील, असे त्याला वाटत होते. आपल्या गावची मुले बघून त्यांना लाज वाटली असेल, असेही कोणी तरी त्याच्या मनात भरविले होते. त्याला काय सांगावे हे मला समजले नाही, कारण त्या साखळीचा अर्थ मला स्वतःलाच कळलेला नव्हता. तो कळण्यास पुढे वीस वर्षे लागली.

धाकटा भाऊ नोकरीनिमित्त चेन्नईस असतो. २०१९ च्या जानेवारीत त्याच्याकडे गेलो असता ओरगडम येथील रॉयल एनफील्ड मोटारसायकलींचा कारखाना पाहण्याचा योग आला. चेन्नईच्या नैर्ऋत्येस असलेल्या या औद्योगिक पट्ट्यात मोटारगाड्यांचे अनेक कारखाने आहेत. आधी नाव नोंदवून आणि शुल्क भरून सर्वसामान्य माणसांना हा कारखाना पाहता येत असे. आमच्या तुकडीत पंधरा-वीस माणसे होती. बहुतेक तरुण, आपल्या गाडीच्या प्रेमाने आलेले. शिक्षक मी एकटाच. प्रवेशापाशीच डोळ्यांना चष्मा व अंगात घालण्यास रंगीत जाकीट मिळाले, आणि जमिनीवर रंगाने आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकू नये अशी सूचना झाली. बरोबरचा मार्गदर्शक तरुण होता. त्याने प्रारंभी एक गोष्ट सांगितली, तिचे मी त्या दिवसापासून ऋण मानीत आलो आहे. तो म्हणाला की, सगळे बघू नका, बघता येणारही नाही. एक वस्तू निवडा आणि ती कोठून कोठे जाते एवढेच बघा. मी पेट्रोलची टाकी निवडली.

टाकीमागून जाण्यापूर्वी या कारखान्याचे कूळ थोडक्यात सांगणे अवश्य आहे. इंग्लंडमधील रेडिच हे गाव शिवणाच्या सुयांसाठी प्रसिद्ध होते, आणि या धंद्याचे मूळ तेथील एका सुईच्या कारखान्यात सापडते. पुढे सायकली आल्या. एनफील्ड येथील सरकारी शस्त्र-कारखान्याला भाग पुरविण्याचे काम मिळाले, त्यावरून एनफील्ड हे नाव आले. १९०१ साली पहिली मोटारसायकल निघाली आणि १९३२ साली ‘बुलेट’ हे नाव प्रथम वापरले गेले. आपल्या देशात सैन्यासाठी व पोलिसांसाठी या गाडीला मागणी आल्यावर १९५५ साली मद्रासमध्ये एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. आरंभी इंग्लंडहून आलेले भाग येथे केवळ जोडले जात. नंतर ते भाग घडविण्याची साधनेच येथे आली आणि हळूहळू संपूर्ण गाडी येथे तयार होऊ लागली. रेडिचचे मूळ कारखाने बंद पडले. मद्रासजवळील तिरुवोट्टियूरचा चालू राहिला. १९९४ साली ही कंपनी आयशर समूहाकडे आली, आणि ओरगडमचा कारखाना २०१३ साली सुरू झाला. सुईपासून मोटारसायकलीपर्यंतची ही वाट भूगोलाच्या तासाला नकाशावर दाखविण्याजोगी आहे. विशेषतः मुली शिवणाच्या तासाला बसल्या असताना सांगितली तर ती विसरली जात नाही.

आता टाकी. टाकी म्हणजे एक पोकळ भांडे, असे आपण समजतो. परंतु पोकळ भांडे पत्र्याच्या एका तुकड्यातून होत नाही. पोलादी पत्रा साच्याच्या दोन भागांमध्ये ठेवून प्रचंड दाबाखाली आणला म्हणजे त्याला साच्याचा बाक येतो. आपल्या गावातील तांबट हजार ठोके घालून पातेल्याला जो आकार देतो, तो येथे एका दाबाने येतो. अशी अर्धुके जोडून त्यांच्या कडा सलग सांधतात. सांधा वरवर दिसावयास नीट असला तरी त्यावर विश्वास ठेवून चालत नाही. कारण केसाएवढे छिद्रही पेट्रोलला पुरते. म्हणून टाकीत हवा भरून गळती पाहतात. पंक्चर काढणारा आपली ट्यूब घमेल्यातील पाण्यात बुडवून बुडबुडे पाहतो, त्याचेच हे मोठे भावंड. ही तुलना मुलांना सांगण्यापूर्वी त्यांनाच विचारावी. घमेल्याचे उत्तर देणारा एक तरी मुलगा वर्गात निघतोच.

नंतर रंग. रंगविभाग काचेआडून पाहावा लागतो, कारण आत धूळ चालत नाही. पण रंगापूर्वीचे काम रंगाहून अधिक असते. पत्र्यावरचे तेल धुऊन काढावयाचे, गंज धरू नये आणि रंगाला पकड मिळावी म्हणून त्यावर रासायनिक थर चढवावयाचा, मग अस्तर, मग रंग, मग भट्टीत तापवून तो पक्का करावयाचा. फवाऱ्याचे बरेचसे काम यंत्राचे बाहू करतात. मनुष्याच्या हाताला न जमणारी एक गोष्ट त्यांना साधते : पहिल्या टाकीवर हात जसा फिरला तसाच पाचशेव्यावर फिरतो. कंटाळा नाही, घाई नाही.

एवढे पाहून झाल्यावर कारखान्यात माणसाचे काय उरले, असे माझ्या मनात आले. तेवढ्यात आमची तुकडी एका साध्या टेबलापाशी आली. तेथे रंगवलेली टाकी ठेवलेली होती आणि एक कारागीर बारीक लांब केसांचा कुंचला घेऊन तिच्यावर सोनेरी रेषा ओढीत होता. पट्टी नाही, दोरा नाही, आखणी नाही. टाकीचा बाक जिकडे वळतो तिकडे त्याचे मनगट वळे, आणि रेषा सुरू झाली तेथे येऊन अशी मिळे की जोड सापडू नये. या गाड्यांवरील अशा रेषा हाताने ओढण्याची रीत मद्रासमध्ये पिढ्यानुपिढ्या चालत आली आहे. त्या ठिकाणी आम्ही सर्व जण बोलावयाचे थांबलो. फळ्यावर तीस वर्षे रेघा ओढणाऱ्या माझ्यासारख्याला तर त्या मनगटापुढे आपल्या सुलेखनाची थोडी लाजच वाटली. पण विचार करण्याजोगी गोष्ट पुढचीच होती. त्या कारागिराने एका टाकीचे काम पुरे केले, मान वर केली, आमच्याकडे पाहून हसला, एकाच्या प्रश्नाला उत्तर दिले आणि मगच दुसरी टाकी घेतली.

तेथून वीस पावलांवर जोडणीची ओळ होती. त्या ओळीवर कोणी मान वर करीत नव्हते.

दोन्ही ठिकाणी कुशल माणसेच होती. मग असे का, हे मी मार्गदर्शकाला विचारले. त्याने घड्याळ काढून मला ओळीपुढे उभे केले. एका टोकाला गाडीचा उघडा सांगाडा ओळीवर चढतो. तो पुढे सरकत जातो आणि प्रत्येक ठिकाणी उभा असलेला कामगार त्यात आपला एक भाग बसवितो : इंजिन, चाक, टाकी, बैठक, दिवा. सांगाडा कोणासाठी थांबत नाही. कामाचा हा ठेका सर्वांना सारखा. समजा, तो ऐंशी सेकंदांचा असेल, तर पाना उचलणे, चार बोल्ट फिरविणे, प्रत्येक बोल्टला नेमका ठरलेला जोर बसला हे पाहणे आणि पाना खाली ठेवणे हे सारे ऐंशी सेकंदांत व्हावयास हवे. ठरलेला जोर पोहोचताच टक् असा आवाज देणारा पाना त्यासाठी असतो. बोल्ट सैल राहिला तर चालत्या गाडीवर तो निघेल. अधिक आवळला तर त्याचे आटे जातील. त्यातच कोणी हाक मारली म्हणून कामगाराने मागे वळून पाहिले, तर चौथा बोल्ट घट्ट केला होता की नाही हे त्याला स्वतःलाच सांगता येणार नाही, आणि तोवर गाडी पुढच्या माणसाकडे गेलेली असेल. त्या गाडीवर उद्या कोणी तरी आपल्या मुलाला पुढे बसवून शाळेत सोडणार असतो.

तेथेच मला १९९८ ची ती कोरी वही आठवली.

ही सरकती ओळ फार जुनी नाही. अमेरिकेत हेन्री फोर्ड याच्या हायलंड पार्क येथील कारखान्यात १९१३ साली मोटारीच्या सांगाड्याची जोडणी या पद्धतीने सुरू झाली, आणि सुमारे साडेबारा तासांचे काम दीड तासाच्या आसपास आले. वस्तू स्वस्त झाली ती येथून. पण काम करणाऱ्याच्या हातचे घड्याळ गेले तेही येथूनच. ही दुसरी बाजू शिक्षकाने मुलांपासून लपवू नये, तसेच तिचे रडगाणेही गाऊ नये. आपल्या वर्गातील कित्येक मुलांचे काका, मामा, मोठे भाऊ चाकणला, वाळूजला अशा ओळींवर उभे आहेत. सणाला गावी आल्यावर ते कामाबद्दल फारसे बोलत नाहीत, आणि घरच्यांना वाटते की शहराने माणूस मुका केला. त्यांच्या दिवसाचा अर्थ मुलाला कळणे, हे त्या भेटीतून मिळणारे मोठे ज्ञान आहे. एका दिवसात किती गाड्या बनतात हा आकडा त्यापुढे किरकोळ होय.

ओळीच्या शेवटी गाडी रुळांवर उभी करून जागच्या जागी चालवितात. चाके फिरतात, गाडी हलत नाही. ब्रेक, दिवे, वेग पाहून घेतात. मुले येथे खूष होतात, आणि त्यांना होऊ द्यावे.

आता गणिताच्या शिक्षकांसाठी थोडेसे. मी पाहिलेल्या गाडीला लोक ‘साडेतीनशे’ म्हणतात, पण कागदोपत्री तिचे इंजिन ३४६ घनसेंटिमीटरचे होते. हा आकडा कोठून आला? इंजिनमधील नळकांड्याचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. म्हणजे त्रिज्या साडेतीन सेंटिमीटर, उंची नऊ. २२/७ गुणिले ३.५ गुणिले ३.५ गुणिले ९ : उत्तर ३४६.५. आपल्या पुस्तकातील सात आणि बावीस यांची एवढी सोयीस्कर गाठ क्वचितच पडते. २०२० पासून या कंपनीने नवे इंजिन आणले. त्याचा व्यास ७२ मिलिमीटर व धाव ८५.८ मिलिमीटर. त्याचे घनफळ आठवीच्या मुलांना काढावयास सांगावे. ३४९ च्या थोडे पुढे उत्तर आले तर बरोबर समजावे. व्यास वाढला, धाव कमी झाली, तरी घनफळ जवळजवळ तेच राहिले, हे त्यांना स्वतःला दिसू द्यावे. खालच्या वर्गांसाठी सोपे उदाहरण आहे. अशा इंजिनात आत ओढणे, दाबणे, पेटणे आणि बाहेर टाकणे ही चार कामे दोन फेऱ्यांत पुरी होतात, म्हणजे दोन फेऱ्यांना ठिणगी एकदाच. मिनिटाला ४,००० फेऱ्या होत असतील तर ठिणग्या किती? गल्लीतून जाणाऱ्या गाडीचा फटफट आवाज मुलांनी उभ्या जन्मात ऐकलेला असतो. त्या आवाजात भागाकार लपलेला आहे हे त्यांना नवे असते.

भेटीच्या तयारीविषयी माझे म्हणणे अगदी थोडे आहे. शिक्षकाने आधी एकट्याने जाऊन कारखाना पाहावा. हे शक्य नसल्यास तेथे काम करणाऱ्या गावच्या माणसाला सुट्टीच्या दिवशी वर्गावर बोलवावे आणि त्याच्याकडून त्याचे स्वतःचे काम हातांच्या हालचालींसह करून घ्यावे. भाषण मागू नये, तो संकोचतो. नंतर मुलांच्या पाचपाचांच्या तुकड्या करून प्रत्येक तुकडीस एक वस्तू वाटून द्यावी : टाकी, चाक, दिवा, बैठक. चाकाच्या तुकडीने आऱ्या कशा ताणतात आणि रिम डुलत नाही हे कसे तपासतात ते पाहावे. सायकलच्या दुकानात तेच काम आधी पाहून गेलेली मुले कारखान्यात अधिक पाहतात. पायांत चपला नकोत, बूट नसतील तर कारखान्याला तसे आधी कळवावे. ओढणी, सैल बाही, गळ्यातील दोरा यांविषयी मुलींना व मुलांना दोघांनाही बजावून ठेवावे. कामगाराला हाक मारू नये, हात दाखवू नये, आणि त्याने पाहिले नाही तर का पाहिले नाही, हे निघण्याच्या आदल्या दिवशीच सांगावे. विशेषतः ज्याचे पालक तेथे असतील त्याला एकट्याला बाजूस घेऊन सांगावे.

ज्या शाळांना कारखाना परवडत नाही, बसचे भाडेच जमत नाही, त्यांनी सहल झाली नाही म्हणून पाठ सोडू नये. मी पुढील प्रयोग दोन केंद्रांतील शाळांत करून पाहिला आहे. जुन्या वर्तमानपत्रांची पाकिटे करावयाची. आठ मुलांना बाकांच्या एका ओळीत बसवावे. पहिल्याने कागद मापाने फाडावयाचा, दुसऱ्याने मधोमध घडी घालावयाची, तिसऱ्याने बाजू दुमडावयाच्या, चौथ्याने खळ लावावयाची, याप्रमाणे शेवटच्याने मोजून गठ्ठा बांधावयाचा. शिक्षकाने दर वीस सेकंदांनी घंटेचा टोला द्यावा. टोला पडताच हातांतील कागद, काम झालेले असो वा नसो, पुढे सरकवावा. पहिली पाच मिनिटे हसण्यात जातात. दहाव्या मिनिटाला वर्ग शांत होतो. अशा वेळी आधी सांगून ठेवलेल्या एखाद्या मुलाने दारातून ओळीतील कोणाचे तरी नाव घेऊन हाक मारावी, आणि बाकीच्या वर्गाने त्या हातांकडे लक्ष ठेवावे.

एका शाळेत खळ लावणाऱ्या मुलीला तिच्या धाकट्या भावाने अशी हाक मारली. तिने वर पाहिले. टोला पडला. तिच्यापुढून दोन कागद कोरडेच पुढे गेले आणि गठ्ठा बांधताना ती पाकिटे उलगडून पडली. भावाने दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा तिने पाहिले नाही. तो रडवेला होऊन दारातच उभा राहिला. मग मी घंटा खाली ठेवली, दोघांना एकमेकांशेजारी बसविले आणि ती का पाहत नव्हती हे त्याला तिनेच सांगावे असे म्हटले. तिने ते माझ्यापेक्षा पुष्कळ थोड्या शब्दांत सांगितले.

पाकिटे शाळेतच ठेवावीत. पोषण आहाराच्या पावत्या ठेवण्यास ती उपयोगी पडतात. मात्र खळ पातळ असू द्यावी. घट्ट खळीने कागद आकसतो.